पूरक-संस्थेचे नियमन आणि निष्क्रियीकरण

रक्तरसविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ‘निष्क्रिय रक्तरस’ हा शब्दप्रयोग फार जुना आहे. रक्त साकळल्यावर वेगळा होणारा पिवळसर रक्तरस ५६ अंश सेल्सिअस तापमानात अर्धा तास ठेवला की तो ‘निष्क्रिय’ झाला असे समजण्यात येते. त्यातील प्रतिपिंडे एवढ्या उष्णतेने बिघडत नाहीत. मात्र ताज्या रक्तरसाच्या अंगी असलेली जंतू फोडण्याची शक्ती पार नाहीशी होते. ही शक्ती ज्या प्रथिनसमूहाची, त्यास पूरक-संस्था असे नाव आहे. सी२ आणि घटक बी ही त्या समूहातील विशेष नाजूक प्रथिने असून उष्णतेचा पहिला आघात त्यांच्यावर होतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले निष्क्रियीकरण मात्र याहून अगदी निराळे आहे. ते सदतीस अंशांवर, जिवंत शरीरात, क्षणोक्षणी चाललेले असते. आणि ते जेथे खंडित होते तेथे पूरक-संस्था स्वतःच्याच शरीरावर उलटते.

या शक्तीचा शोध लागला तो जंतुशास्त्राच्या उमेदीच्या काळात. फायब्रिन काढून टाकलेल्या रक्तातही जंतू मरतात हे जॉर्ज नटल यांनी १८८८ साली दाखविले. हान्स बुखनर यांनी त्या नाशक द्रव्यास ‘अलेक्झिन’ म्हटले. १८९५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्दे यांनी पटकीच्या जंतूंवर प्रयोग करून असे सिद्ध केले की, येथे कार्य करणारे द्रव्य एक नसून दोन आहेत. एक उष्णतेत टिकणारे व लस टोचल्यानंतर वाढणारे, म्हणजे प्रतिपिंड. दुसरे उष्णतेने नष्ट होणारे आणि लस न टोचलेल्या प्राण्यातही आढळणारे. पाउल एर्लिख यांनी या दुसऱ्यास ‘पूरक’ हे नाव दिले. त्या नावातच एक कल्पना गृहीत धरलेली होती: प्रतिपिंडाने शत्रू निवडावयाचा, पूरकाने त्यास संपवावयाचे. बोर्दे यांना १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि नंतरची काही दशके पूरक म्हणजे गिनीपिगच्या रक्तरसातून मिळणारे एक परीक्षाद्रव्य, एवढीच त्याची बहुतेक प्रयोगशाळांत ओळख राहिली. ज्याच्या रक्तात ते आहे त्याच्या शरीरात ते स्वतः काय करते, या प्रश्नाकडे त्यामानाने दुर्लक्षच झाले.

वरील कल्पनेस मोठा धक्का दिला तो क्लीव्हलंड येथील लुई पिलेमर यांनी. प्रॉपर्डिन नावाच्या प्रथिनाचा शोध १९५४ साली प्रसिद्ध करून, प्रतिपिंडाच्या साहाय्यावाचूनही पूरक-संस्था जागृत होऊ शकते असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यावर कडक टीका झाली. रक्तरसात मुळातच अल्प प्रमाणात असणारी नैसर्गिक प्रतिपिंडेच हे कार्य करीत असावीत, असा आक्षेप रॉबर्ट नेल्सन यांनी १९५८ मध्ये घेतला. त्यास उत्तर देण्यास पिलेमर राहिले नव्हते. १९५७ मध्येच ते निवर्तले होते. पुढील दोन दशकांत त्यांचाच पक्ष खरा ठरला. परंतु त्या विजयाबरोबर एक अवघड प्रश्न उभा राहिला. प्रतिपिंड नसताना परके कोण आणि स्वकीय कोण हे ठरवितो कोण?

या प्रश्नाचे उत्तर आक्रमणाच्या यंत्रणेत शोधू गेल्यास सापडत नाही. ते सापडते आक्रमण आवरणाऱ्या यंत्रणेत. हे कसे, ते समजण्यासाठी सी३ या प्रथिनाकडे वळणे आवश्यक आहे.

पूरक-संस्थेच्या जागृतीचे तीन मार्ग मानले जातात. अभिजात मार्ग प्रतिपिंडापासून, लेक्टिन मार्ग जंतूंच्या पृष्ठभागावरील शर्करांपासून आणि पर्यायी मार्ग, म्हणजे पिलेमर यांचा मार्ग, कोणत्याही निश्चित निमित्तावाचून सुरू होतो. तिन्ही मार्ग सी३ च्या विभाजनापाशी येऊन मिळतात. मानवी रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये हे प्रथिन सुमारे १ ते १.५ मिलिग्रॅम असते, म्हणजे पूरक-संस्थेतील इतर घटकांपेक्षा पुष्कळच अधिक. त्याच्या रेणूच्या अंतर्भागात एक ताणलेला थायोएस्टर बंध दडलेला असतो. परिवर्तक विकराने (विकर म्हणजे एन्झाइम) सी३ चा सी३ए हा लहान तुकडा छाटला की उरलेल्या सी३बी चा आकार पालटतो व तो बंध उघडा पडतो. अशा क्षणी जवळपास जो हायड्रॉक्सिल किंवा अमिनो गट असेल त्याच्याशी सी३बी सहसंयुज बंधाने कायमचा जोडला जातो.

येथेच सर्व अडचणीचे मूळ आहे. हायड्रॉक्सिल गट जंतूंच्या भित्तिकेवर असतात तसे मानवी पेशींवरील शर्करांवरही असतात. थायोएस्टर बंधास भेद कळत नाही. शिवाय सी३ चा ताशी एक टक्क्याच्याही आतील, परंतु कधीही शून्य न होणारा, असा अंश पाण्याशी संयोग पावून आपोआप कार्यक्षम होतच असतो. हा अंश घटक बी ला धरतो, घटक डी हा विकर त्या घटक बी चे दोन तुकडे करतो आणि एक परिवर्तक तयार होतो. तो परिवर्तक नवा सी३बी निर्माण करतो. तो सी३बी पुन्हा घटक बी ला धरतो, आणि नवा परिवर्तक सिद्ध होतो. व्याजाचे मुद्दलात रूपांतर होऊन कर्ज फुगत जावे तसे हे वर्धनचक्र आहे. त्याची स्वाभाविक गती थांबण्याकडे नसून सर्व सी३ संपेपर्यंत धावण्याकडे आहे. तेव्हा निरोगी रक्तात ते का धावत नाही, हाच खरा प्रश्न होय.

पहिला आवर काळाचा आहे, आणि तो रेणूंच्या रचनेतच अंतर्भूत आहे. उघडा पडलेला थायोएस्टर बंध सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका काळही धड टिकत नाही. बहुतेक सी३बी रेणू पृष्ठभाग गाठण्यापूर्वीच पाण्याशी संयोग पावून वाया जातात. त्यामुळे आक्रमण उगमस्थानापासून फार दूर पसरत नाही. पर्यायी मार्गाचा परिवर्तकही अल्पजीवी असून सदतीस अंशांवर त्याचे अर्धायुष्य सुमारे ९० सेकंद भरते. प्रॉपर्डिन त्यास बिलगले म्हणजे हे आयुष्य पाच ते दहा पटींनी वाढते. पिलेमर यांच्या प्रथिनाचे कार्य मुख्यतः जागृती घडविणे हे नसून परिवर्तकास स्थैर्य देणे हे आहे, असे नंतर दिसून आले.

दुसरा आवर घटक एच आणि घटक आय या जोडीचा. संपूर्ण नियमनाचा हा कणा असल्यामुळे त्याचे विवेचन थोडे सविस्तर करणे इष्ट होय. घटक एच हे १९६५ मध्ये निल्सन व म्युलर-एबरहार्ड यांनी वेगळे केलेले प्रथिन असून माळेत मणी ओवावेत तसे त्यात २० लहान खंड एकापुढे एक जोडलेले असतात. पहिले चार खंड नियमनाचे काम करतात: ते परिवर्तकातून घटक बी चा तुकडा उखडून काढतात, आणि उरलेल्या सी३बी वर घटक आय ला चालून जाता यावे अशी योजना करतात. माळेच्या दुसऱ्या टोकाचे दोन खंड, १९ वा व २० वा, तसेच मधले काही खंड यांचे काम मात्र ओळख पटविण्याचे आहे. मानवी पेशींवरील सिआलिक आम्ल आणि हेपारान सल्फेट यांसारख्या ऋणभारित शर्करांना ते धरतात.

या ओळखीचा पुरावा १९७८ साली दोन स्वतंत्र प्रयोगशाळांतून पुढे आला. मेंढीच्या तांबड्या पेशी मानवी रक्तरसात पर्यायी मार्गाने फुटत नाहीत, सशाच्या फुटतात. मेंढीच्या पेशींवर सिआलिक आम्ल विपुल असते. न्यूरामिनिडेज या विकराने ते काढून टाकले की त्याच पेशी पर्यायी मार्गास जागृत करू लागतात, कारण त्यांच्यावर बसलेल्या सी३बी कडे घटक एच पूर्वीसारखा ओढला जात नाही. सी३बी बसण्याचे प्रमाण दोन्ही पृष्ठभागांवर फारसे भिन्न नसते. बसल्यानंतर त्याचे काय होते, ते मात्र भिन्न असते. पिलेमर यांनी मागे ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. पर्यायी मार्ग परक्यास ओळखत नाही. शरीर स्वतःस ओळखते आणि तेथे आक्रमण विझविते. जेथे ही ओळख पटत नाही तेथे ते आपोआप भडकते. ओघानेच सांगावयाचे तर या व्यवस्थेत एक छिद्र आहे. ‘बी’ गटाच्या मेनिंगोकॉकसचे कवच सिआलिक आम्लाचेच बनलेले असते, आणि परम्याचा जंतू तर मानवी शरीरातूनच सिआलिक आम्ल उचलून आपल्या पृष्ठभागावर चढवितो.

घटक आय चे वर्तन आणखी विलक्षण आहे. रक्तद्रवातील बहुतेक प्रथिनभेदक विकर निष्क्रिय पूर्वरूपात फिरतात आणि निमित्त घडले म्हणजे कार्यक्षम होतात. घटक आय कार्यक्षम रूपातच फिरतो, तरी सहघटकावाचून सी३बी ला स्पर्श करीत नाही. घटक एच, पेशीपटलावरील सीडी ४६ किंवा सीआर १ यांपैकी एखादा सहघटक सी३बी ला चिकटलेला असला तरच त्याची सुरी चालते. अभिजात मार्गातील सी४बी साठी हेच सहघटकाचे काम सी४बी-बंधक प्रथिन करते. सी३बी ची साखळी दोन ठिकाणी तुटली की आयसी३बी उरतो. तो घटक बी ला धरू शकत नाही. वर्धनचक्रातून तो कायमचा बाद होतो. पुढे सीआर १ च्या साहाय्याने तिसरा छेद गेला म्हणजे मोठा भाग गळून पडून पृष्ठभागावर केवळ सी३डीजी हा लहान अवशेष राहतो.

याला ‘निष्क्रियीकरण’ म्हणण्याची प्रथा आहे. तथापि हा शब्द येथे सावधपणे वापरावयास हवा. आयसी३बी वर्धनाच्या दृष्टीने मृत असला तरी भक्षक पेशी त्यास सीआर ३ या ग्राहकाने ओळखतात आणि तो ज्यावर बसला आहे तो जंतू गिळंकृत करतात. सी३डीजी तर बी-लसिकापेशींच्या सीआर २ या ग्राहकास बांधला जातो. प्रतिजनाशी सी३डी चे तीन रेणू जोडले असता उंदरांत प्रतिपिंडनिर्मितीस लागणारी प्रतिजनाची मात्रा हजार किंवा त्याहून अधिक पटींनी कमी होते, असे १९९६ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे एका कार्यातून निवृत्त झालेला रेणू दुसऱ्या कार्यावर रुजू होतो. निष्क्रियीकरण येथे शेवट नसून कामाची बदली आहे.

घटक आय नसेल तर काय होईल? सहजतर्क असा की आक्रमण अनावर होईल आणि जंतूंचा संहार अधिकच होईल. प्रत्यक्षात याच्या अगदी उलट घडते. १९७० साली बॉस्टन येथील चेस्टर आल्पर, फ्रेड रोझेन व त्यांचे सहकारी यांनी वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गांनी आयुष्यभर पिडलेल्या एका रुग्णाचे वर्णन केले. त्याच्या रक्तातील सी३ फार कमी झालेले होते, आणि जे होते त्याचाही बराच भाग सी३बी च्या रूपात होता. घटक बी जवळजवळ नाहीसा झाला होता. प्रारंभी ही सी३ च्या अतिव्ययाची व्याधी वाटली. पुढे या रुग्णाच्या रक्तात सी३बी चा निष्क्रियक, म्हणजे आजचा घटक आय, जन्मतःच नाही असे आढळले. आणि शुद्ध केलेला तो घटक शिरेवाटे दिल्यावर सी३ ची पातळी वर आली, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. आवर नसल्यामुळे वर्धनचक्र रक्तद्रवातच निरर्थक फिरत राहिले होते आणि जंतू आला त्या वेळी त्याच्यावर टाकावयास सी३ शिल्लक नव्हते. नियमन हे संरक्षणाच्या विरोधी नसून संरक्षणाचा साठा राखणारे आहे, ही गोष्ट या एका रुग्णाच्या अभ्यासाने जितकी स्पष्ट केली तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच केली असेल.

अभिजात मार्गाच्या मुखाशी असलेला पहारेकरी म्हणजे सी१-रोधक. सी१आर व सी१एस या विकरांपुढे तो आमिषासारखा एक पाश धरतो. विकराने तो पाश तोडताच रोधकाचा आकार झटकन् पालटून विकर त्यातच कायमचा अडकतो. दोघेही एकदमच खर्ची पडतात. विल्यम ऑस्लर यांनी १८८८ साली, म्हणजे नटल यांच्या प्रयोगाच्याच वर्षी, एका कुटुंबात पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या अंगसुजीचे वर्णन केले होते. तिचे कारण या रोधकाची न्यूनता होय, हे १९६३ मध्ये व्हर्जिनिया डोनाल्डसन व रिचर्ड इव्हान्स यांनी शोधून काढले. स्वरयंत्राशी सूज आल्यास गुदमरून मृत्यू ओढवतो. येथे एक वळण आहे. अशा रुग्णांत सी४ घटते, त्यावरून निदानही होते; परंतु सूज येते ती पूरकाच्या तुकड्यांमुळे नव्हे, ब्रॅडिकायनिनमुळे. सी१-रोधक हाच कॅलिक्राइनचाही रोधक असल्यामुळे तो कमी पडला की ब्रॅडिकायनिन मोकाट सुटते. हिस्टामिनविरोधी औषधांचा या सुजेवर परिणाम होत नाही तो याच कारणाने. एका रोधकावर दोन-तीन संस्थांचे ओझे टाकण्याची निसर्गाची ही काटकसर रुग्णाच्या दृष्टीने महागात पडते, असेच म्हणावे लागेल.

आतापर्यंत विचार झाला तो मुख्यतः रक्तद्रवात विरघळलेल्या नियामकांचा. पेशी मात्र केवळ त्यांच्यावर विसंबून राहत नाहीत. प्रत्येक पेशी आपल्या पटलावर स्वतःचे रक्षक बाळगते. सीडी ५५ परिवर्तकाचे तुकडे वेगळे करते. सीडी ४६ घटक आय ला साहाय्य करते. सीडी ५९ अगदी शेवटच्या पायरीवर उभे असते: सी५बी ते सी८ यांचा संघ पटलात घुसल्यानंतर सी९ चे रेणू, पूर्ण वलयात १८ पर्यंत, एकत्र येऊन जे छिद्र पाडतात, ते सीडी ५९ होऊ देत नाही. मानवी तांबड्या पेशींवर सीडी ४६ नसते. त्यामुळे त्यांची भिस्त उरलेल्यांवर अधिक.

या रक्षकांचे महत्त्व कळले ते एका जुन्या व चमत्कारिक व्याधीमुळे. पाउल श्ट्र्यूबिंग यांनी १८८२ मध्ये वर्णिलेल्या या रोगात रुग्णाची सकाळची लघवी काळसर लाल होते, कारण तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटून हिमोग्लोबिन मूत्रात उतरते. टॉमस हेल हॅम यांनी १९३७ साली असे दाखविले की, या रुग्णांच्या तांबड्या पेशी किंचित आम्लित केलेल्या ताज्या रक्तरसात फुटतात, मग तो रक्तरस निरोगी माणसाचा का असेना. तापवून निष्क्रिय केलेल्या रक्तरसात त्या फुटत नाहीत. म्हणजे दोष पेशीत, आणि घात करणारे पूरक. पेशीत नेमके काय उणे आहे, हे कळण्यास मात्र आणखी जवळजवळ अर्धशतक जावे लागले. १९८३ मध्ये या पेशींवर सीडी ५५ नसते असे आढळले, आणि उकल झाली असे वाटले. परंतु काही थोड्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर सीडी ५५ जन्मतःच नसते व त्यांना रक्तविलयनाचा त्रास होत नाही, ही गोष्ट या उपपत्तीस आडवी आली. उलट केवळ सीडी ५९ नसलेला एक रुग्ण १९९० साली जपानमधून वर्णिला गेला, आणि त्यास तीच व्याधी होती. तेव्हा पेशी फुटण्यापासून वाचविण्याचा मुख्य भार सीडी ५९ वर आहे हे निश्चित झाले. दोन्ही रक्षक एकदम का नाहीसे होतात, याचा उलगडा १९९३ मध्ये जपानमधील तारो किनोशिता यांच्या गटाने केला. दोघेही पटलाशी एकाच प्रकारच्या स्निग्ध नांगराने बांधलेले असतात. तो नांगर घडविण्यास लागणारे पिग-ए हे जनुक अस्थिमज्जेतील एखाद्या मूळपेशीत बिघडते आणि तिच्या संततीस ते रक्षक लाभत नाहीत. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने स्त्रीपुरुष दोघांतही एकच आघात पुरतो.

एखादा नियामक पूर्णतः नसणे आणि तो अर्धवट बिघडलेला असणे, यांतील भेद लंडनमधील मॅथ्यू पिकरिंग व त्यांचे सहकारी यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून सुरेख रीतीने दिसतो. घटक एच मुळीच नसलेल्या उंदरांत सी३ रक्तातच जळून जाते, त्याचे अवशेष मूत्रपिंडातील केशिकागुच्छांत साचतात आणि एका विशिष्ट प्रकारचा मूत्रपिंडदाह होतो. घटक बी ही काढून टाकला तर तो होत नाही (२००२). घटक एच चे नियामक टोक शाबूत ठेवून केवळ ओळख पटविणारे शेवटचे पाच खंड काढले, तर मात्र रक्तातील सी३ बऱ्याच अंशी टिकते आणि मूत्रपिंडांच्या सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होऊन तांबड्या पेशी छिन्नभिन्न होतात (२००७). पहिल्या उंदरांत दारूगोळा वाया गेलेला असतो. दुसऱ्यांत तो भरलेला असतो, पण स्वकीयांची खूण पटत नाही. त्यातही २००८ मधील एक निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. घटक एच बरोबर घटक आय ही नसेल तर पहिल्या प्रकारचा दाह होत नाही. म्हणजे मूत्रपिंडास अपाय करणारा तो साठा साचण्यासाठी सी३बी चा छेद होणे अवश्य आहे. निष्क्रियीकरणाचे उत्पादनच तेथे रोगकारक ठरते.

दुसऱ्या प्रकारास मनुष्यातील जोड म्हणजे असामान्य हिमोलिटिक युरेमिक विकार. घटक एच मधील उत्परिवर्तनांचा त्याच्याशी असलेला संबंध १९९८ मध्ये दाखविण्यात आला. ती बहुधा शेवटच्या खंडांत आढळतात. भारतीय बालरुग्णांच्या बाबतीत एक विशेष नोंदविला पाहिजे. त्यांच्यापैकी मोठ्या भागात जनुक निर्दोष असून शरीर स्वतःच्या घटक एच विरुद्ध प्रतिपिंडे बनविते, आणि ती प्रतिपिंडे नेमकी त्याच शेवटच्या खंडांवर बसतात. हे प्रमाण युरोपातील रुग्णांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. व्यवहारदृष्ट्या या भेदास फार महत्त्व आहे. कारण अशा बालकांत वेळेवर रक्तद्रव बदलून प्रतिपिंडनिर्मिती दडपणारी औषधे दिली तर मूत्रपिंडे वाचविता येतात. प्रतिपिंडांची परीक्षा करण्यात गेलेला विलंब हा येथे मूत्रपिंडाचा कार्यनाश ठरू शकतो.

शेष नियामकांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. द्रवात भरकटलेल्या छिद्रकारी संघास व्हिट्रोनेक्टिन व क्लस्टेरिन ही प्रथिने निरुपद्रवी करतात. सी३ए व सी५ए या दाहजनक तुकड्यांच्या शेवटचे आर्जिनिन कार्बोक्सिपेप्टिडेज एन हा विकर छाटतो. त्याने सी३ए चे दाहजनक कार्य संपते, सी५ए चे मात्र पूर्णपणे नव्हे.

नियमनाची ही भाषा परजीवींनी व विषारी प्राण्यांनीही आत्मसात केलेली आहे. नागाच्या विषात सी३बी शी साम्य असलेले एक प्रथिन असते. ते मानवी घटक बी ला धरून परिवर्तक बनविते; पण घटक एच व आय यांना ते दाद देत नाही, आणि ९० सेकंदांऐवजी त्याच्या परिवर्तकाचे अर्धायुष्य सुमारे ७ तास भरते. परिणामी रक्तातील सी३ संपून जाते. प्रयोगशाळेतील प्राण्यांस पूरकहीन करण्यासाठी हे प्रथिन अद्याप वापरले जाते. विषाणूंची युक्ती याच्या उलट आहे. देवीच्या लसीतील व्हॅक्सिनिया विषाणू पेशीबाहेर सोडतो ते एक प्रथिन मानवी नियामकांच्याच धाटणीचे, चार खंडांचे असल्याचे गिरीश कोतवाल व बर्नार्ड मॉस यांनी १९८८ साली अमेरिकेत दाखविले. ते घटक आय ला सहघटक पुरवून पूरकाचा हल्ला थोपविते. प्रत्यक्ष देवीच्या विषाणूतील तत्सम प्रथिनात केवळ ११ अमिनो आम्लांचा फरक आहे. पण मानवी सी३बी निष्क्रिय करण्यात ते सुमारे शंभरपट प्रबळ ठरले, असे २००२ मध्ये सिद्ध झाले. लस आणि रोग यांमधील अंतर कशाकशाचे असते, याचे हे एक लहानसे पण बोलके उदाहरण होय. विषाणूंच्या अशा नियामकांवर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अरविंद साहू यांच्या गटाने दीर्घकाळ संशोधन केले आहे. त्यापूर्वी, १९९६ साली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन लॅम्ब्रिस यांच्यासमवेत साहू यांनी सी३ ला बांधून त्याचे विभाजन रोखणारे एक लहान वलयाकृती पेप्टाइड शोधून काढले होते. कॉम्पस्टॅटिन या नावाने ते प्रसिद्ध असून त्यापासून विकसित केलेल्या औषधास २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

हे औषध ज्या रोगासाठी प्रथम मान्य झाले, तो श्ट्र्यूबिंग यांनी वर्णिलेलाच रोग. त्या रोगात निदानानंतर निम्मे रुग्ण सुमारे दहा वर्षांतच दगावत, असे १९९५ सालच्या एका इंग्लिश पाहणीत आढळले होते. सी५ ला बांधणारे एक्युलिझुमॅब हे प्रतिपिंड २००७ मध्ये उपलब्ध झाले आणि चित्र पालटले. छिद्रकारी संघ बनेनासा झाला, त्यामुळे सीडी ५९ च्या अभावाची भरपाई झाली. परंतु सीडी ५५ चा अभाव तसाच राहिला. तांबड्या पेशी फुटेनाशा झाल्या खऱ्या, तरी त्यांच्यावर सी३ चे तुकडे साचू लागले आणि काही रुग्णांत यकृतातील भक्षक पेशी त्यांना रक्तवाहिन्यांबाहेर गिळू लागल्या. पूर्वी पेशी इतक्या लवकर फुटत की हा दुसरा दोष प्रकट होण्यास त्यांना अवधीच मिळत नसे. सी३ च्या पातळीवर रोखणाऱ्या औषधाची गरज भासली ती यामुळे.

शरीराने न केलेले निष्क्रियीकरण औषधाने करावयाचे म्हटले की त्याची किंमत मोजावी लागते. सी५ रोखल्यावर मेनिंगोकॉकसच्या संसर्गाचा धोका हजार ते दोन हजार पटींनी वाढतो, कारण या जंतूस मारण्यास छिद्रकारी संघच लागतो. हाच जंतू आपल्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाने मानवी घटक एच ला ओढून घेतो, आणि ‘बी’ गटाविरुद्धच्या आजच्या लसींत त्याच प्रथिनाचा समावेश आहे. उपचाराच्या आरंभापूर्वी रुग्णास मेनिंगोकॉकसची लस टोचण्याचा नियम आहे. तथापि लसीने उत्पन्न केलेली प्रतिपिंडे जंतू मारतात ती मुख्यतः पूरकाच्याच हातून. आणि त्या मार्गाचे शेवटचे टोक तर औषधाने बांधून ठेवलेले असते. लस घेतलेल्या रुग्णांतही हा संसर्ग झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. म्हणूनच अनेक चिकित्सक लसीवर न थांबता, उपचार चालू असेतोपर्यंत रोज पेनिसिलिनही देतात.